चार वॅगनार घेऊन मालवण : करूळनं खाली, आंबोलीनं वर

शुक्रवार : कोल्हापूर - गगनबावडा - करूळ घाट - मालवण

आमच्या पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी दोनच विषय, फुटबॉल आणि गाड्या, आणि गाड्यांतसुद्धा फिरून फिरून वॅगनारच, कारण तिथं बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या दारात तीच उभी हाय. कोण म्हणणार जुनं चार सिलेंडरचं इंजिन ते इंजिन, कोण म्हणणार सीएनजी नसेल तर गाडी घेऊच नये, कोण ऑटोमॅटिकचं कौतुक सांगणार आणि दुसरा त्याला मधेच तोडणार. दिवाळी झाली तरी वाद काय मिटेना, मग काकीच एकदा वैतागून म्हणाल्या, "कट्ट्यावर बसून काय कळतंय रे, घाटातनं नेऊन दावा की." झालं, मालवण ठरलं.

गाड्या सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आण्णांची २००४ ची, १०६१ सीसी चार सिलेंडर, म्हणजे १९९९ च्या डिसेंबरात जी पहिल्यांदा भारतात आली तीच पिढी. माझी २०१२ ची, २०१० ला बदललेल्या मॉडेलमधली, ९९८ सीसीचं तीन सिलेंडर के-टेन इंजिन. पिंट्याची २०१९ ची नवीन मोठ्या अंगाची, १.२ लिटर आणि गिअर आपोआप पडणारी एएमटी. मास्तरांची २०२१ ची कंपनी फिटिंग सीएनजी. नाव एकच पण बॉनेट उघडलं तर एकाचं दुसऱ्याला जुळत नाही, त्यामुळं भांडायला भरपूर वाव.

फुलेवाडी नाक्यावर सकाळी सहाला जमायचं ठरलेलं, निघालो सातला. मास्तरांची डिकी उघडली तर आत सिलेंडर, त्याच्या कडेला फार तर एक छत्री आणि चपला बसतील एवढी जागा, त्यामुळं मास्तरांच्या घरातल्यांच्या बॅगा पिंट्याच्या गाडीत गेल्या. नवीन वॅगनारची डिकी ३४१ लिटरची हाय, या साईजच्या गाडीला ती लई मोठी, पण सीएनजी घेतली की तो आकडा विसरायचा. मास्तरांचं म्हणणं, रोज शाळेला एकटा जातो, डिकीत काय भरू, खडूचा बॉक्स?

बालिंग्याचा पूल ओलांडला की खरा रस्ता सुरू होतो. पावसाळ्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी गाठली की या बाजूचं काय खरं नसतंय, पण आत्ता नोव्हेंबरात दोन्ही बाजूला भात कापून टाकलेलं, मधे मधे ऊस, आणि रस्त्यावर गळीत हंगामाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा बाहेर आलेला की ओव्हरटेक करताना पाचाट काचेला लागतंय. रिफ्लेक्टर बहुतेकांना नाही. म्हणून आम्ही हंगामात या रस्त्याला रात्री गाडी काढतच नाही. कळे, साळवण, असळज करत गगनबावड्याला आलो, स्टँडजवळ चहा-भजी, गार वारा, समोर गगनगड.

इथं आण्णांनी सगळ्यांना उभं करून घाटाचा क्लास घेतला. आण्णा उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळं बोलायला लागले की आम्ही ऐकतो. "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतरायचं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं नाही. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा, सोडायचा." एवढंच. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गगनबावड्यातनं दोन घाट खाली उतरतात, भुईबावडा खारेपाटणकडं आणि करूळ वैभववाडीकडं. करूळ २०२४ मध्ये काँक्रीटच्या कामासाठी बरेच महिने बंद होता, आता रस्ता मस्त झालाय, आणि मस्त झाल्यामुळंच लोक वेगात उतरायला लागलेत. आण्णा पुढं सेकंडमध्ये, इंजिनचा आवाज ऐकू येतोय, ब्रेकलाईट वळणावरच तेवढी लागतीय. मी मागं तसाच. पिंट्याची मात्र लाईट लागली ती लागलीच. अर्धा घाट उतरल्यावर काकी म्हणाल्या काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय, पिंट्या म्हणाला पुढच्या ट्रकचा असेल, पुढं ट्रकच नव्हता.

थांबलो. पिंट्याला आण्णांचं बोलणं पटलं नव्हतं असं नाही, त्याला ते आपल्या गाडीला लागू नाही असं वाटलेलं, कारण त्याला गिअरच नाहीत. गंमत इथंच हाय. एएमटी म्हणजे आतला गिअरबॉक्स आपल्या साध्या गाडीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मशीन करतंय. उतारावर ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की त्या मशीनला काय माहीत पुढं वळण हाय, ते आपलं वरचा गिअर टाकून मोकळं, मग इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर. त्याला उपाय गाडीतच दिलेला असतो, दांडा डी मधनं बाजूला ओढून एम मध्ये घ्यायचा आणि हातानं सेकंड पाडायचा. पिंट्यानं गाडी घेतल्यापासनं त्या एमला हात लावलेला नव्हता. शोरूममधनं निघताना कोण सांगत पण नाही म्हणा.

मास्तर पाण्याची बाटली घेऊन चाकाकडं निघाले तर आण्णा ओरडले, "अहो मास्तर, पाणी नको! तापल्या डिस्कवर पाणी टाकलं की ती वाकती." चाकाला दगड लावला, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरात ठेवली, अर्धा तास दरी बघत बसलो, माकडांनी आमची भडंगाची पुडी पळवली. मग एमवर सेकंड टाकून पिंट्या खाली आला तो एकदम निवांत, वैभववाडीत उतरून म्हणतोय, "आण्णा, गाडी स्वतःच धरतीय की ओ!"

तिथनं तळेरे, मग चौपदरी हायवे, कणकवलीच्या पुलावरनं कसालला उजवीकडं आणि मालवण. या पट्ट्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त हायवेला ऐंशीच्या वर गेलं की या गाडीला बाजूचा वारा लागतो हे खरं हाय, उंच गाडी आणि अंगानं हलकी, मोठी बस बाजूनं गेली की स्टेअरिंग दोन्ही हातांत पाहिजे. ज्यांना शंभर-एकशेवीसनं जायचंय त्यांनी दुसरी गाडी बघावी, उगाच हिला शिव्या घालू नयेत.

देवबागकडं खोली घेतली होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे ही चिंचोळी पट्टी, रस्ता एकच आणि त्याला दोन्ही बाजूनं चिऱ्याचे गडगे. समोरनं भली मोठी पांढरी एसयूव्ही आली, तिच्या मालकाला रिव्हर्स जमंना, आम्हाला गाड्या मागं घ्यायला लागल्या. आण्णांची गाडी रुंदीला दीड मीटरपेक्षा कमी, ती एका माडाच्या बाजूला अशी सरकली की एसयूव्हीवाला बघतच राहिला. पिंट्याची १६२० मिलिमीटर रुंद, तिला मात्र आरसे मिटून घ्यायला लागले. आत ऐसपैस पाहिजे म्हणून दर मॉडेलला गाडी रुंद करत नेली ते ठीक हाय, पण अशा गल्लीत जुनीच बरी.

शनिवार : मालवण, सिंधुदुर्ग आणि उंदीर

सकाळी माझी गाडी स्टार्ट केली तर सगळी गाडी थडथडतीय. चेक इंजिनची पिवळी लाईट पेटलेली. तीन सिलेंडरमधलं एक बंद पडलं की दोनावर गाडी कशी चालणार, डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागला. आण्णांना तर आयतंच सापडलं, "चारातलं एक गेलं असतं तर एवढं कळलं पण नसतं बघ!" हे चूक हाय, चारातलं एक गेलं तरी कळतंय, पण त्या वेळी कुठं वाद घालणार.

बॉनेट उघडलं तर आत नारळाच्या काथ्याचं अर्धवट घरटं आणि एका कॉइलच्या कनेक्टरकडं जाणारी वायर कुरतडलेली, वायपरच्या पाण्याची नळी पण. या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल असती, तिची वायर तुटली की तेवढंच सिलेंडर मेलं. उंदरानं एका रात्रीत केलेला उद्योग. खोलीवाल्या काकांनी फोन लावला, थोड्या वेळात स्कूटरवर एक मिस्त्री आला, पायात स्लिपर, खिशात टेस्टर. त्यानं स्कॅनर वगैरे काय आणलंच नव्हतं, इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचं कनेक्टर काढून बघितलं, ज्याचं काढल्यावर आवाजात फरक पडला नाही ते मेलेलं. वायर सोलून जोडली, सोल्डर मारलं, स्लीव्ह चढवली, नळीचा तुकडा त्याच्याकडं होताच. दोनशे रुपये घेतले. म्हणाला, "माझ्याकडे पण हीच आसा, दर पावसात ह्याच काम." जाताना बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधून गेला, त्याचा उपयोग होतो का नाही माहीत नाही पण एसीतनं दिवसभर कपाटाचा वास येत होता.

माझं मत विचाराल तर कट्ट्यावरचा सगळा वाद इथंच संपायला पाहिजे. भरवशाची गाडी म्हणजे बंद न पडणारी गाडी नव्हे, उंदराला काय कंपनी कळती होय. देवबागच्या टोकाला, शनिवारी सकाळी, चप्पल घालून आलेल्या माणसाला ती बघितल्या बघितल्या कळली आणि तिला लागणारी नळी त्याच्या खिशात होती, भरवसा तो हाय. २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन्ही वर्षांत देशात सगळ्यात जास्त विकलेली गाडी हीच, त्याचा आपल्याला फायदा काय तर हा. माझा एक पाव्हणा लई भारी परदेशी गाडी घेऊन बसलाय, एका हेडलाईटसाठी महिनाभर वाट बघतोय आणि तोवर रिक्षानं फिरतोय.

किल्ल्याला जायला उशीर झाला पण गेलो. जेटीवरनं होडी, पाण्यात तटबंदी, आणि दरवाजा आधी दिसतच नाही असा लपवलेला. १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर हे काम काढलं, बुरुजांचा घेर बघून मास्तरांनी पोरांना तिथंच तास घेतला. आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव, चारी बाजूला खारं पाणी आणि आत गोडं. शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं, म्हणजे आमच्या ताराराणींचे यजमान, त्यामुळं काकींनी तिथं जरा जास्तच वेळ हात जोडले. आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते होडीत चढताना कुरकुरले पण गाडीतनं चढता-उतरता त्यांना दोन्ही दिवस कुणाचा हात लागला नाही. या गाडीची उंची तरुण पोरांना डबड्यासारखी वाटती, घरात म्हातारं माणूस असलं की मग तिची किंमत कळती. खाली बसायचं नाही, वर चढायचं नाही, खुर्चीवर टेकल्यागत टेकायचं.

दुपारी सुरमई, सोलकढी, आणि संध्याकाळी वाळूत बसून परत तेच, गाड्या. या वेळी जरा कामाचं बोलणं झालं. आण्णांच्या इंजिनला टायमिंग बेल्ट हाय, लाखभर किलोमीटरला बदलायचा, त्यांनी वेळेवर बदललाय, आणि जुनी वॅगनार विकत घेणाऱ्याला ते पहिला प्रश्न हाच विचारायला सांगतात. माझ्या के-टेनला चेन, तिला तसं बदलायचं काम नाही, पण ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन पण आवाज करायला लागती. आण्णांची पंधरा वर्षं कधीच झाली, रिपासिंग करून घेतलंय, आता दर पाच वर्षांनी परत तेच.

मग ई-ट्वेंटी पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ताकद कमी, त्यामुळं वीस टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं पडणार हे गणितच हाय. आण्णांना चिंता वेगळी, २००४ च्या गाडीचं रबर, पाईप, सील त्यासाठी केलेले नाहीत, म्हणून ते दर सर्व्हिसला पेट्रोलची पाईप हातानं दाबून बघतात, कडक किंवा चिकट लागली की बदलायची. पिंट्या म्हणाला, "ऊस आमचा, इथेनॉल आमचं, मग पडलेलं ॲव्हरेज पण आमचंच की." मास्तर तेवढे हसले नाहीत, त्यांची उसाची बिलं यायची होती.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांसमोर काढली आणि कुणाला आवडली नाही. ग्लोबल एनकॅप म्हणजे गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था, तिच्या २०२३ च्या टेस्टमध्ये वॅगनारला मोठ्यांच्या सुरक्षेला एकच स्टार मिळाला आणि लहान मुलांसाठी शून्य. भरवसा भरवसा म्हणताना हे पण सांगायला पाहिजे. आण्णा म्हणाले सावकाश चालवायची, पण समोरचा सावकाश चालवत नाही त्याचं काय? मागच्या सीटला बेल्ट लावायचा एवढं तरी सगळ्यांनी कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी काकींनी खरंच लावला, आंबाडा दुखतोय म्हणत म्हणत.

रविवार : मालवण - कुडाळ - सावंतवाडी - आंबोली - आजरा - कोल्हापूर

कुडाळमार्गे सावंतवाडी. मोती तलावाला एक चक्कर, चितार आळीत लाकडी फळांची टोपली घेतली, पोरांना भोवरे. मास्तरांना सीएनजी भरायचा होता, पंपावर ही लाईन, तिथं पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासात त्यांना जेवढं ऐकायला लागलं तेवढं त्यांनी वर्षभरात ऐकलं नसेल. सिलेंडरमध्ये आठ-नऊ किलो बसतो. कागदावर किलोला ३२.५२ किलोमीटर, मास्तरांना हायवेला सत्तावीस-अठ्ठावीस पडतंय, ते पण काय वाईट नाही. खर्चात त्यांच्याशी कुणी बरोबरी करूच शकत नाही, हे बाकीच्या तिघांनी मान्य केलं, लाईनीत उभं राहायची तयारी असेल तर.

दाणोली सोडली की आंबोलीचा चढ. खरी परीक्षा इथं, गाड्या भरलेल्या, वर मालवणातनं घेतलेली कोकमं, आगळ, काजू. या गाडीची सीएनजीवर ताकद पेट्रोलपेक्षा कमी, आणि चढाला ते चांगलंच जाणवतं. मास्तर पहिल्या तीन वळणांनंतर एका ट्रकमागं फर्स्टमध्ये अडकले, मग बटण दाबून पेट्रोलवर आले आणि गाडीत जीव आला. सीएनजीवाल्यांनी टाकीत पेट्रोल राखून ठेवायचं ते यासाठी, नुसतं अडीअडचणीला नव्हे. पिंट्याचं १.२ इंजिन सगळ्यात सहज चढलं यात वाद नाही, फक्त ट्रकमागं रांगताना त्याचा गिअरबॉक्स गोंधळायचा, फर्स्ट का सेकंड, फर्स्ट का सेकंड, आणि प्रत्येक वेळी गाडीतले सगळे मान हलवायचे. परत एम. शुक्रवारपासनं पिंट्या एमचा भक्त झालाय.

माझी एसी बंद करून सेकंडमध्ये वर आली, काही तक्रार नाही. आण्णांनी एसी बंद केला नाही. टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर तो अर्ध्यावरच. त्यांना विचारलं तर म्हणाले रेडिएटर गेल्या वर्षी साफ करून घेतलाय आणि आत नळाचं पाणी कधी घातलेलं नाही, कूलंटच. जुन्या गाडीचं गुपित म्हणजे एवढंच असतंय, पण लोक कूलंटला पैसे घालायला रडतात आणि स्पॉयलरला घालतात.

आंबोलीत धुकं नव्हतं, धबधबा बारीक झालेला, पण हिरण्यकेशीला जाऊन आलो, गुहेतनं पाणी येतंय ते बघितलं. मग आजरा, घनसाळ तांदळाचं पोतं घ्यायचं म्हणजे घ्यायचंच असं काकींचं फर्मान, ते पोतं आण्णांच्या मागच्या सीटवर बसलं आणि काकी माझ्या गाडीत आल्या. उत्तूर, निपाणी, आणि हायवेला लागलो.

निपाणीच्या अलीकडं चहाला थांबलो होतो, तिथं एक तरुण पोरगा आण्णांच्या गाडीभोवती फिरून फिरून बघायला लागला. शेवटी आलाच, "काका, देणार काय गाडी? शिकायला पाहिजे होती." आण्णांनी चहा संपवला, कप ठेवला, आणि विचारलं, "शिकून झाल्यावर काय करणार?" पोरगं म्हणालं, "विकणार आणि मोठी घेणार." "मग नाही देत जा." पोरगं हसलं, आम्ही पण, आण्णा अजिबात हसले नाहीत.

कागल ओलांडून कोल्हापुरात शिरताना सगळ्यांनी एकाच पंपावर टाक्या फुल करायच्या आणि हिशोब काढायचा असं ठरलेलं. घाट, एसी, चार-चार माणसं, सगळं धरून माझं सतरा पडलं, पिंट्याचं सोळाला जरा कमी, मास्तरांचं गॅस आणि पेट्रोल मिसळल्यामुळं गणितच जमंना, त्यांनी वहीत दोनदा मांडून सोडून दिलं. आण्णांचं काढायला गेलो तर त्यांच्या गाडीचं किलोमीटरचं मीटर बंद. कधीतरी टेप बसवताना त्यांनीच ती वायर तोडलेली. "मग आण्णा, तुम्ही कट्ट्यावर अठरा देती म्हणून सांगताय ते कशावरनं?" पिंट्यानं विचारलं. आण्णा म्हणाले, "तुझ्या मागं-पुढंच हुती की रं, तुझ्या मीटरवर बघ अन् माझं पेट्रोल मोज." मोजलं. साडेचौदा आलं. त्यावर ते म्हणाले तांदळाचं पोतं होतं.